गावात किल्ला, किल्ल्यात बालेकिल्ला: हा खटाटोप कशासाठी होता?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या बारांपैकी रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे पाच आपल्या कोकणातले. बातमी आली तशी स्टेटसं लागली, ढोल वाजले, बोटवाल्यांकडे गर्दी वाढली. गर्दी वाढली की प्रश्नही वाढतात. बहुतेक प्रश्न नेहमीचे असतात: तोफ किती वजनाची, भुयार कुठे निघतं. पण एक प्रश्न खरोखर चांगला असतो आणि त्याचं उत्तर बहुधा कोणी धड देत नाही. बाहेर एवढा थोरला तट बांधलाच होता, तर आत पुन्हा दुसरा तट कशाला? आणि मुळात बंदराच्या गावाला, शहराला खेटून किल्ला कशासाठी? माणसं वाचवायला, राजा वाचवायला की आणखी कशाला?

भुयारापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त रंगतदार आहे.

आधी चार शब्द

तट म्हणजे भिंत, हे सगळ्यांना ठाऊक. तटाला ठराविक अंतरावर बाहेर आलेले जे भाग असतात ते बुरूज. बुरुजावर उभं राहिलं की तटाच्या पायथ्याशी आलेला माणूस बाजूने दिसतो आणि त्याच्यावर मारा करता येतो. नुसत्या सरळ भिंतीवरून तो दिसत नाही. तटाबाहेर खणलेला चर म्हणजे खंदक. तटाच्या आत जिथे बाजार आणि वस्ती असते ती पेठ. आणि या सगळ्याच्या आत, शक्यतो सर्वांत उंच जागी, स्वतंत्र तट आणि स्वतंत्र दरवाजा असलेला जो छोटा किल्ला असतो तो बालेकिल्ला.

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर हे चित्र एका फेरीत बघता येतं. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला तीन भागांत विभागलेला आहे. एका टोकाला दीपगृह आहे, दुसऱ्या उंचवट्यावर भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला आहे, आणि खाली पेठ किल्ला, जिथे आजही लोक राहतात. देवदर्शन करून तसेच गाडीकडे परतणाऱ्यांना कळतही नाही की आपण किल्ल्याच्या आतल्या किल्ल्यातून बाहेर पडलो.

ही रचना समजायला आपलं जुनं कोकणी घर पुरे. बाहेर गडगा, मग खळं, मग ओटी, मग माजघर आणि सगळ्यांत आत कोठीची खोली. गडग्याच्या आत गुरं येऊ नयेत एवढीच गडग्याकडून अपेक्षा. ओटीवर वाटसरूही बसतो. माजघरात नात्यातली माणसं येतात. कोठीची किल्ली मात्र एकीच्याच कमरेला. प्रत्येक उंबऱ्यावर आत येणारा माणूस थोडा थोडा गाळला जातो, आणि जे खरोखर मोलाचं ते शेवटच्या दाराआड असतं. किल्ल्यातही हेच. पेठेत व्यापारी, सैनिक, शेतकरी, परगावचे सगळे वावरतात. खजिना, दारूगोळा, धान्याची कोठारं, दप्तर आणि सत्ताधीश आत.

१६८९: एका वर्षातले दोन वेढे

पण आतल्या तटाने नेमकं मिळायचं काय? शत्रू बाहेरचा तट फोडून आत आला म्हणजे खेळ संपलाच, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. आतला किल्ला वेळ मिळवून द्यायचा, आणि वेळ हातात असला की वाटाघाट करता यायची. १६८९ सालचे दोन प्रसंग शेजारी ठेवले की हे स्वच्छ दिसतं.

पहिला रायगडचा. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मोगल फौजा रायगडाभोवती आल्या. राजाराम महाराज एप्रिल १६८९ मध्ये गडावरून निसटले. गड पडला तो नोव्हेंबरात. मधल्या सात महिन्यांत राजाराम महाराज पन्हाळामार्गे थेट दक्षिणेत जिंजीला पोचले आणि राज्याची गादी तिथे उभी राहिली. रायगड अखेर गेलाच. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. पण गड लढत राहिला तेवढ्या काळात राज्य दुसरीकडे हललं होतं. युनेस्कोच्या यादीत सह्याद्रीपासून शेकडो मैल दूरचा जिंजी काय करतो, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर द्यायला हरकत नाही.

दुसरा प्रसंग मुंबईचा. तेव्हा मुंबई हे ईस्ट इंडिया कंपनीचं लहानसं बेट होतं. कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतलं आणि मोगलांच्या वतीने जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर उतरला. शिवडी, माझगाव, माहीम असं एकेक करत जवळजवळ सगळं बेट त्याने घेतलं. इंग्रज शिरले ते आजच्या नौदल गोदीजवळच्या त्यांच्या 'कॅसल'मध्ये. हा म्हणजे मुंबईचा बालेकिल्ला. मुळात ते गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं राहतं घर. त्याभोवती भिंती आणि बुरूज चढत गेले. वर्षभराहून जास्त काळ बेट सिद्दीचं आणि कॅसल इंग्रजांचा, अशी स्थिती राहिली. शेवटी कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि जून १६९० मध्ये सिद्दी परत गेला.

आता कल्पना करा, तो छोटा आतला किल्ला नसता तर? माफी मागायला मुंबईत कंपनीचं कोणी उरलंच नसतं. एकाच वर्षी, एकाच बादशहाशी, दोन अगदी वेगळ्या सत्तांची गाठ पडली आणि दोघांनाही आतल्या तटाने जे दिलं ते हेच: बोलणी करायला किंवा निसटायला लागणारे महिने.

तोंड आतल्या बाजूलाही

बालेकिल्ल्याचा दुसरा उपयोग फारसा बोलला जात नाही, कारण तो तितकासा शोभिवंत नाही. बालेकिल्ला स्वतःच्या गावापासून, स्वतःच्या शिपायांपासूनही राखण करतो. पगार थकला, कर वाढला, बाजारात दंगल झाली, तर सत्ताधीशाला दार लावून घेता आलं पाहिजे.

अर्थात आतली किल्ली चुकीच्या हाती गेली तर उलटंही होतं. डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईत तसंच झालं. कंपनीने खर्च कापायला घेतले, शिपाई चिडले, आणि कॅप्टन रिचर्ड केग्विन याने उप-गव्हर्नराला कैद करून किल्ला ताब्यात घेतला. इंग्लंडच्या राजाच्या नावाने त्याने पुढचं जवळपास वर्षभर बेटाचा कारभार चालवला. किल्ला त्याच्याकडे होता म्हणून बेट त्याच्याकडे होतं. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीचं आश्वासन मिळाल्यावरच त्याने ताबा सोडला. शहरातल्या हजारो लोकांना कोणी विचारलंही नाही.

किल्ला खाडीच्या तोंडाशीच का?

कोकणात हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण इथे जमिनीवरचं उत्पन्न बेताचंच. भात एका पावसाचं आणि तेही पोटापुरतं. पैसा होता तो बंदरात. घाटावरचं कापड, साखर, धान्य बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचं, खाडीच्या वरच्या अंगाला होड्यांत चढायचं आणि खाडीच्या मुखातून समुद्रात जायचं. उलट दिशेने खजूर, घोडे, रेशीम, धातू यायचे. म्हणजे सगळा व्यापार एका अरुंद तोंडातून जाणार. त्या तोंडावर ज्याच्या तोफा, जकात त्याची.

म्हणूनच नकाशा काढून बघा. वाघोटन खाडीच्या मुखावर विजयदुर्ग. कुंडलिकेच्या मुखावर एका बाजूला रेवदंडा आणि समोर कोर्लई. सावित्रीच्या मुखावर बाणकोट. राजपुरीच्या खाडीवर जंजिरा. ही जागा डोळ्यांना सुख म्हणून कोणी निवडलेली नव्हती. हे जकातनाके होते, फक्त दगडी आणि तोफा लावलेले.

समुद्रावरही हाच न्याय. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचा परवाना विकायचे. तो नसलेलं जहाज ते पकडायचे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हेच तंत्र त्यांच्यावर उलटवलं. किनाऱ्यावरून जायचं तर आंग्र्यांचं दस्तक घ्या. इंग्रज त्यांना चाचे म्हणत राहिले. परवाना पोर्तुगीजांनी विकला तर तो कायदा आणि आंग्र्यांनी विकला तर चाचेगिरी, हा हिशोब निदान मला तरी पटत नाही. पण दस्तक चालवायचं तर मागे आरमार हवं, आरमार दुरुस्त करायला गोदी हवी, आणि गोदी राखायला किल्ला हवा. विजयदुर्गाच्या मागे खाडीत आतल्या अंगाला आंग्र्यांच्या काळातली खडकात कोरलेली गोदी आहे. किल्ला बघणाऱ्या शंभरातले नव्वद तिकडे फिरकत नाहीत. खरं तर किल्ला होता तो तिच्यासाठी.

सिंधुदुर्ग तर समुद्रात आहे, तो शहराचा किल्ला कसा?

आक्षेप रास्त आहे. सिंधुदुर्गाभोवती पाणी आहे, मालवण समोरच्या काठावर. मग याला गावातला किल्ला कसं म्हणायचं?

बालेकिल्ला गावाच्या मध्यभागीच असला पाहिजे असं नाही. तो गावापेक्षा अवघड जागी असला म्हणजे झालं. घाटावर ती अवघड जागा डोंगराचा माथा असते. किनाऱ्यावर ती खडकाळ बेट असते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली तेव्हा निवडलेली जागा अशी होती की आजूबाजूला पाण्याखाली खडकांचं जाळं. वाट ठाऊक नसलेलं मोठं जहाज जवळ येणंच मुश्कील. दरवाजाही असा की समोर येईपर्यंत दिसत नाही.

आणि तो एकटा नाही. जवळच पद्मगड, मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट. हर्णैला हेच पुन्हा दिसतं: पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. अलिबागला कुलाबा किल्ला पाण्यात, ओहोटीला चालत जाता येईल इतका जवळ, बाजूला पिटुकला सर्जेकोट, आणि गावात कान्होजींनी बांधलेला हिराकोट. म्हणजे गाव, बंदर आणि किल्ले मिळून एकच तटबंदी होते. मध्ये समुद्र आहे एवढंच. आपण त्यातला एक तुकडा बोटीने जाऊन बघतो, फोटो काढतो आणि बाकीचे तुकडे 'पडके अवशेष' म्हणून सोडून देतो.

बाकी, संकट सरलं की सत्ताधीश लगेच काठावर येतात, हेही बघण्यासारखं. जंजिऱ्याचा किल्ला संस्थान असेपर्यंत कोणी जिंकून घेतला नाही. पण इंग्रजी अमलात स्थैर्य आल्यावर नवाबाने मुरूडला किनाऱ्यावर हवेशीर राजवाडा बांधला. किल्ल्यात राहणं ही हौस कधीच नव्हती. दमट खोल्या, मोजकं पाणी, प्रत्येक भाकरीचं पीठ बोटीने आणायचं.

मृगाच्या आधी

कोकणातल्या वेढ्यांचा एक भाग इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी कोपऱ्यात राहतो, तो म्हणजे पाऊस.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. जहाजं ओढून शाकारलेली. जमिनीवर चिखल, नद्यांना पूर, दारू ओली, तंबूत माणसं तापाने फणफणलेली. त्यामुळे इथे वेढा घालणाऱ्याला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळायचे. आत बसलेल्याचं सगळं गणित एका वाक्यात मांडता येईल: मृग लागेपर्यंत तग धरा. त्याच्यानंतर निसर्ग तुमच्या बाजूने.

वसईची १७३९ ची लढाई या घड्याळाकडे बघत वाचली की वेगळीच दिसते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली होती आणि दोनशे वर्षांत ते त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य शहर झालं होतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, पण वसई राहिली. चिमाजी अप्पांनी फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला. तीन बाजूंना पाणी नाहीतर दलदल, त्यामुळे हल्ला करायचा तो जमिनीच्या एका अरुंद पट्ट्यावरून. मराठ्यांनी चर खणत खणत तट गाठला आणि बुरुजांखाली सुरुंग पेरले. मे उजाडला. पाऊस तीन-चार आठवड्यांवर. आता किंवा पुढच्या वर्षी. शेवटच्या दिवसांत सॅन सबॅस्तियन बुरुजावर झालेल्या हल्ल्यांत दोन्हीकडची शेकडो माणसं पडली. मेच्या मध्यावर पोर्तुगीजांनी तह मागितला आणि आठवड्याभरात शहर रिकामं केलं.

वसई शहराच्या आत एक जुना बालेकिल्ला होता, आजही आहे. मग तिथे का नाही गेले ते? कारण तो पहिल्या वसाहतीच्या काळातला, लहानसा. पुढे शहर त्याच्याभोवती वाढलं, चर्चेस उभी राहिली, जेझुइटांचं कॉलेज झालं, सरदारांचे वाडे झाले. एवढी माणसं त्या जुन्या कोंदट कोटात मावणारी नव्हती, आणि गोव्याहून मदत येण्याची आशा संपली होती. मदत येणार असेल तर वेळ काढण्यात अर्थ. येणारच नसेल तर बालेकिल्ला म्हणजे नुसती सावकाश उपासमार. त्यांनी ती ओळखली आणि बाहेरचा तट पुरता हातचा जायच्या आत बोलणी केली. म्हणूनच सैन्याला शस्त्रांसह आणि सन्मानाने बाहेर पडता आलं. वसईच्या चर्चांच्या घंटा मात्र मराठ्यांबरोबर घाटावर गेल्या. भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या अजून टांगलेल्या आहेत.

मग सामान्य माणसाला तटाचा उपयोग काय?

थोडा होता, समजतो त्यापेक्षा कमी होता.

वसईच्या किंवा रेवदंड्याच्या तटाच्या आत मुख्यत्वे पोर्तुगीज घराणी, पाद्री, त्यांचे नोकरचाकर आणि काही व्यापारी. भातशेती करणारे, मीठ पिकवणारे, मासेमारी करणारे बाहेर. चौलला तर दोन चौल होते: तटाच्या आतलं पोर्तुगीजांचं, ज्याला आपण रेवदंडा म्हणतो, आणि बाहेरचं जुनं चौल. मुंबईच्या कोटातही दक्षिणेकडे इंग्रज आणि उत्तरेच्या बाजारभागात पारशी, हिंदू व्यापारी, आणि कोटाबाहेर बाकी सगळे. तटाने शत्रू आणि नागरिक असे दोनच वर्ग केले नाहीत; नागरिकांतही प्रती लावल्या.

यामागे नुसता दुजाभाव नव्हता, पाण्याचा हिशोबही होता. किल्ल्यात किती माणसं राहू शकतात हे तटाची लांबी ठरवत नाही, विहीर ठरवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याविषयी जो सल्ला आहे त्यात गडावर आधी पाणी बघा आणि मग बांधकामाला हात घाला, असं बजावलेलं आहे. सिंधुदुर्गाला चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. पर्यटकांना तो चमत्कार वाटतो. चमत्कार नाही. बेटावर पडलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर साठून राहतं. पण तेवढ्या पाण्यावर शिबंदी जगते, सगळं मालवण नाही जगत. वेढा पडला की गोरगरीब रानात आणि डोंगरात पळायचे, किल्ल्यात नाही.

तोफा आल्यावर हे सगळं निरुपयोगी झालं ना?

लगेच झालं नाही. कोकणातले आज दिसणारे बहुतेक किल्ले तोफांच्या जमान्यातलेच आहेत. तोफेमुळे किल्ले संपले नाहीत, त्यांचा आकार बदलला. वसईचे बुरूज कोनदार, बाणाच्या टोकासारखे आहेत. तसा बुरूज असला की एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याचा प्रत्येक कोपरा माऱ्यात येतो. मराठी किल्ल्यांचे बुरूज गोलाकार, कारण गोळा गोल भिंतीवरून घसरायची शक्यता जास्त. विजयदुर्गाला एकामागे एक तीन तट आहेत. कुलाबा किल्ल्याचे अवजड दगड चुन्याशिवाय नुसते रचलेले आहेत, म्हणजे लाटांचं पाणी फटीतून निघून जातं आणि भिंतीवर जोर येत नाही. लोक त्याला निष्काळजी बांधकाम समजतात.

पण विजयदुर्गाचं शेवटी काय झालं ते पाहा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार खाडीसमोर आलं, जमिनीकडून पेशव्यांची फौज. इंग्रजांचा एक तोफगोळा तुळाजी आंग्र्यांच्या गर्दीने नांगरलेल्या जहाजांत पडला, आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तीन तट जागेवर होते. ज्याच्यासाठी ते बांधले ते आरमारच उरलं नव्हतं.

नंतर किल्ल्यांची गरज संपली ती तोफांमुळे कमी आणि एकछत्री अमलामुळे जास्त. १८१८ नंतर कोकणातला जवळजवळ सगळा किनारा इंग्रजांच्या अमलाखाली किंवा वर्चस्वाखाली आला. दोन्ही काठांवर एकाचंच राज्य असेल तर खाडीच्या तोंडावर पहारा कोणावर ठेवायचा?

मुंबईने तट पाडला, मैदानं मिळाली

सिद्दीचा धडा इंग्रज विसरले नव्हते. १७१५ च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने कॅसलभोवतीच्या शहराला तट घालायला सुरुवात केली. म्हणजे मुंबईत आधी बालेकिल्ला आला, शहराचा तट नंतर. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतल्याची बातमी आली तशी मुंबईच्या व्यापाऱ्यांना घाम फुटला आणि खंदक खणायला वर्गणी जमली.

तटाला तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवावी लागायची. शत्रू पुढे सरकला तर त्याला आडोसा मिळता कामा नये, ना घर, ना झाड. १८०३ मध्ये कोटाच्या आत मोठी आग लागली आणि त्यानंतर हा पट्टा आणखी रुंद केला गेला. तिथली घरं, वाड्या हलल्या. तोफांच्या माऱ्यासाठी राखलेला तो पट्टा म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं. चौरस फुटाला सोन्याचा भाव असलेल्या शहरात एवढी मोकळी जागा कोणाच्या दूरदृष्टीने राहिलेली नाही. युद्धाच्या भीतीने राहिली.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तट पाडून टाकला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला भाव आला होता, पैसा खुळखुळत होता, आणि तटाआड शहर गुदमरत होतं. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर ओव्हलच्या एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय अशी रांग उभी राहिली. ही रांग आणि मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. म्हणजे या किनाऱ्यावर एक वारसा किल्ले टिकले म्हणून आहे, आणि दुसरा किल्ला पाडला म्हणून. किल्ला पाडणं हा दरवेळी गुन्हाच असतो, असं म्हणणाऱ्यांनी ओव्हलवर एकदा चक्कर मारावी.

सगळे कोट पाडले नाहीत. बाहेरच्याला आत येऊ न देणारी भिंत आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही, हे इंग्रजांनी बरोबर हेरलं. १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला पुढे तुरुंग झाला; आजचं मध्यवर्ती कारागृह तेच. अलिबागच्या हिराकोटाचाही तुरुंगच झाला. ठाण्याच्या भिंती अगदीच अभेद्य नव्हत्या, हे १८१६ मध्ये त्र्यंबकजी डेंगळ्यांनी तिथून पळून दाखवलं.

किल्ल्याजवळ घर असेल तर

आता आजच्या कामाचं. युनेस्कोच्या बातमीनंतर किल्ल्यांच्या शेजारच्या वाड्यांमध्ये एक भीती पसरली की आता खिळाही ठोकता येणार नाही. यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

बंधनं युनेस्कोने आणलेली नाहीत. ती भारतीय कायद्याची आहेत आणि जुनी आहेत. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरचा पट्टा 'प्रतिबंधित' आणि त्यापुढचा २०० मीटरचा 'नियंत्रित' असतो. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यात पक्कं बसलं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, रायगड केंद्राकडे आहेत; खांदेरी राज्य पुरातत्त्व विभागाकडे, म्हणून तिथे राज्याचा कायदा लागतो. केंद्राच्या स्मारकांबाबत मोजणी तटाच्या दगडापासून होत नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून होते. हा फरक कधी कधी एका अख्ख्या आळीचा असतो, तेव्हा हद्दीचा नकाशा मागून घ्यावा.

नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम नाही आणि जुनं पाडून पुन्हा उभारणंही नाही. मात्र असलेल्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून करता येते. अट एवढीच की ते घर १६ जून १९९२ च्या आधीचं असावं, किंवा नंतरचं असेल तर रीतसर परवानगीने बांधलेलं असावं.

तोफांसाठी जी मोकळी जागा पूर्वी राखत, तीच आता वारशासाठी राखतात. फरक असा की कंपनी सरकार घरं सरळ उठवायचं आणि आजचं सरकार अर्ज मागतं. रेवदंड्यासारख्या ठिकाणी, जिथे तटाच्या आतच नारळीपोफळीच्या वाड्या आणि पिढ्यान् पिढ्यांची घरं आहेत, तिथे सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणं मला जाचक वाटतं. गाव आत असणं हीच त्या किल्ल्याची ओळख आहे, आणि गळक्या छपरांमुळे लोक उठून गेले तर ती जाईल. पण कायदा आज आहे तो असा आहे. तेव्हा १९९२ पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या, घराचे जुने उतारे, विजेचं जुनं बिल, जे काही ट्रंकेत असेल ते शोधून ठेवा. अर्जाबरोबर घराचं वय सिद्ध करायला तेच लागतं.